हमीदचाचा आणि माझं 'सॉरी सर'

एकोणिसाव्या वर्षी माझ्यावर चोरीचा आळ आला होता.

चोरी ड्रॉइंगची. बहारीनला, मनामातल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये मी मेकॅनिकल ड्राफ्टिंगचा डिप्लोमा करत होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वर्गात आम्ही चारच इंडियन पोरं, चौघंही मागच्या बाकावर. तिथे बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. आपण होऊनच बसायचो.

मी पंपाचं सेक्शनल ड्रॉइंग सबमिट केलं. ब्रिटिश इन्स्ट्रक्टरने ते दोनदा उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "हू ड्रू धिस फॉर यू?"

मी मान खाली घातली आणि म्हणालो, "सॉरी सर."

झालं! कबुलीजबाबच झाला तो.

आता कुणाला सांगून पटायचं नाही, पण आमच्या रोह्याच्या घरात मोठं माणूस चिडलं की खाली बघायचं आणि सॉरी म्हणायचं, चूक असो वा नसो. त्यालाच वळण म्हणतात. त्या माणसाने तेवढ्यावरून मला चोर ठरवलं. आठवड्याने कमिटीसमोर हजर राहायचं पत्र हातात आलं. आळ शाबीत झाला तर नाव कट.

आमचे बाबा मीना सलमान बंदरावर गोदामात क्लार्क. ते म्हणाले, "माफी माग आणि विषय मिटव. नाहीच जमलं तर गोदामात हेल्पर म्हणून चिकटवतो तुला."

बाबांचा राग नाही मला. घाबरले होते बिचारे.

पण तो पंप मी स्वतः काढला होता! हमीदचाचांनी त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक भंगारातला पंप माझ्यासमोर नट न् नट खोलला होता. तीन वेळा माझ्याकडून परत जोडून घेतला होता.

हमीदचाचा म्हणजे बाबांचे मित्र. रत्नागिरीकडचे. मीना सलमानलाच बोटींच्या रिपेअर वर्कशॉपमध्ये फोरमन. शिक्षण सातवी. जुम्माची नमाज झाली की उम्म अल हस्समच्या त्यांच्या फ्लॅटवर आम्हा चौघांची हजेरी. चाची आधी जेवायला घालायची, मग चाचा अभ्यासाला धरायचे. विषय कळो न कळो, "मला समजाव" म्हणून समोर बसायचे. त्यांना समजेपर्यंत सुटका नाही.

त्या शुक्रवारी चाचांनी लुंगीवर टाय बांधला.

"मी साहेब. बोल, चित्र कोणी काढलंन?"

"मी, चाचा."

"चाचा मेला! साहेबाशी बोल. नि खाली कशाला बघतंस? लादीवर उत्तर लिवलंय?"

बाकीचे तिघं हसून लोळले. चाची चहा घेऊन आली, तो टाय बघून आल्या पावली परत गेली. मला मात्र जमेना. वडिलांच्या वयाच्या माणसाच्या डोळ्यात डोळे घालून बोलायचं म्हणजे मला शिवी दिल्यासारखं वाटत होतं.

दहाव्या-बाराव्या वेळी मी वैतागलो.

"चाचा, तुम्ही तरी बघता का तुमच्या मॅनेजरकडे असं?"

 फार बोललो, हे माझं मलाच कळलं.

चाचांनी टाय सैल केला.

"नाय बघत. कदीच नाय बघितलं. म्हणून तर हितंच ऱ्हायलो." मग खुर्ची पुढे ओढली. "तुला हितं ऱ्हायचं नाय. यल्ला, चल, परत."

त्या दिवशी किती वेळा केलं, मोजलं नाही. शेवटी मी त्यांच्याकडे बघून न अडखळता म्हणालो, "आय ड्रू इट, सर. गिव्ह मी अ शीट. आय विल ड्रॉ इट अगेन."

कमिटीच्या दिवशी बाबांना रजा मिळाली नाही. गार्डियन म्हणून चाचा आले, इस्त्रीचा शर्ट घालून. तोच टाय.

आत गेल्यावर वाक्य न अडखळता आलं. मला शीट मिळाली. नकलायला समोर काहीही नसताना मी दीड तास तो पंप काढत होतो. इम्पेलर, शाफ्ट, ग्लँड, सगळं.

मध्येच इन्स्ट्रक्टर चाचांकडे वळला. पहिलं ड्रॉइंग तुम्ही काढून दिलं होतं का, असं त्याने विचारलं.

मी पेन्सिल थांबवली.

चाचांनी मान वर केली. सरळ त्याच्याकडे बघितलं. 

"नो सर. आय कॅन नॉट ड्रॉ. आय रिपेअर ओन्ली. धिस बॉय कॅन ड्रॉ."

केस क्लोज झाली. इन्स्ट्रक्टरने हात पुढे केला, मी तो घेतला. बाहेर आल्यावर चाचा कॉरिडॉरच्या बाकावर मटकन बसले. "पाणी आण रे," म्हणाले. त्या दिवशी माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते, हे मला तेव्हा दिसलं.

आम्ही चौघंही पास झालो. आमच्यानंतर त्या फ्लॅटवर अजून कितीतरी पोरं येऊन गेली. चाचा रिटायर होऊन गावी गेले, तरी फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "सध्या कोन पोरगा हाय तुज्याकडं?"

आज सकाळी ते गेले.

दुपारी गावी दफन झालं. बहारीनहून संध्याकाळच्या फ्लाइटला सीट होती, पुढच्या दोन दिवसांत दुसरी नव्हती. परवाच्या जियारतला, तिसऱ्या दिवसाच्या दुआला, नक्की पोचलो असतो. बायको म्हणाली, "जा."

नाही गेलो.

उद्या सकाळी आठला सेकंड इयरच्या एका पोराला कॉलेजने चौकशीला बोलावलंय. त्याचे वडील सौदीत साइटवर आहेत. गार्डियनच्या जागी माझं नाव आहे. आत्ता तो माझ्यासमोर बसलाय आणि माझ्याकडे बघून बोलणं त्याला काही केल्या जमत नाहीये.

चाचा, खूप रडू येतंय. पण पोरगा बघतोय, म्हणून हे इथे लिहितोय.

चाचीला भेटायला पुढच्या आठवड्यात येईन. उद्या येत नाही.

सलाम, चाचा. सुखाने निजा.