जमिनीला केलेली इस्त्री

आमच्या आत्याने एकदा जमिनीला इस्त्री केली होती. मी गंमत करत नाही. खाली सुती चादर अंथरून, गुडघ्यांवर बसून, एकेक फरशी करत तिने अख्ख्या खोलीला इस्त्री केली आणि त्यापायी जवळजवळ महिनाभराची मेहनत पाण्यात घातली.

आत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण. अठ्ठावीस वर्षं ती एका लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होती. कॉलर आधी, मग बाह्या, मग पाठ. या क्रमात तिने कधी बदल केला नाही आणि कुणाला करूही दिला नाही. राहायला ती आमच्याकडेच. बाबांचे शर्ट तिनेच करायचे, हे कुणी न बोलताच ठरून गेलं होतं. लाँड्री बंद पडली तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत तिला स्वतःचं इस्त्रीचं दुकान काढायचं होतं.

बाबांना ती खोली भाड्याने द्यायची होती. त्यांनी बोट दाखवलं ते जमिनीकडे. खोलीत भाजलेल्या मातीच्या लाल फरश्या होत्या, वर कसलाही लेप नसलेल्या. चहा सांडला की पिऊन टाकायच्या. सायकलच्या चेनचं तेल, ओल्या चपलांचे ठसे, सगळं पोटात घेऊन बसलेल्या.

"गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट हातातून निसटला तर लाल होऊन वर येईल," बाबा म्हणाले. "हे सगळं उखडायचं. गुळगुळीत टाइल घालून घेऊ."

"मी हीच फरशी नीट केली तर?"

बाबा हसले. नाकावर माशी बसू न देणारा माणूस हसतो तसं. "फरशीवाला दोन महिन्यांनी मोकळा होतोय. तोवर कर काय करायचं ते. तो आला की माझा पांढरा शर्ट मी स्वतः इथे टाकीन. डाग नाही पडला तर खोली तुझी."

मला बाबांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. आत्याने मात्र कंबर कसली. ब्रश आणि साबणाच्या पाण्याने तिने जमीन आठवडाभर घासली. चेनच्या डागांवर खडूची पूड दाबून बसवली, तेल शोषून घ्यायला. रंगाच्या दुकानातून फरशीसाठीचं जवसाचं तेल, टर्पेंटाईन आणि मेणाचा डबा आणला. दुकानदाराने बजावलं की फरशी पूर्ण कोरडी हवी. दोन आठवडे वाट पाहून आत्याचा धीर सुटला आणि तेव्हाच तिने ती इस्त्री काढली. वाफ निघाली, फरश्या फिकट झाल्या, आत्या खूश. दुसऱ्याच दिवशी तिने तेल लावलं, तेही पाहुण्याला वाढावं तसं सढळ हाताने.

चार दिवसांनी जमीन माश्या पकडायच्या कागदासारखी चिकट होती. बाबांची चप्पल तिथेच अडकली आणि ते अनवाणी पुढे गेले. शिवाय तेलाखालून मातीतल्या खाराचे पांढरे ढग उठले होते. बाबांनी सरळ फरशीवाल्याला फोन करून तारीख पक्की केली. आत्या स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तिला तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं.

डोळे पुसता पुसता ती एकदम थांबली. "शिवण," ती म्हणाली. "अगं, कपडा वरून कोरडा लागतो, पण शिवणीत ओल असते. तसाच प्लास्टिकच्या पिशवीत घातला की पिशवीला आतून घाम येतो. नव्या पोरींना मी हेच शिकवायचे, आणि मीच विसरले."

तिने टर्पेंटाईनने सगळं तेल खरवडून काढलं. पातळ केलेल्या व्हिनेगरने खार पुसला, जमीन धुतली आणि दार-खिडक्या उघड्या टाकून पंखा लावून ठेवला. आईला, जी रोज सकाळी सवयीने तिथे ओलं फडकं मारायची, तिने उंबरठ्यावरच अडवलं. मग लाँड्रीच्या उरलेल्या पिशव्यांचे चौकोन कापून ते फरश्यांवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बसवले. रोज सकाळी खाली वाकून पाहायची. थेंब दिसले की पुन्हा थांबायचं. असे बावीस दिवस गेले. तेविसाव्या सकाळी एकाही चौकोनाला घाम नव्हता.

या वेळी तेल अर्ध्याला अर्धं टर्पेंटाईन घालून पातळ केलं होतं. फडक्याने चोळायचं, पाव तासाने उरलेलं कोरडं पुसायचं, दिवसभर थांबायचं, पुन्हा चोळायचं. असे तीन हात झाले. तेलाची फडकी बोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेतात असं दुकानदाराने सांगितलं होतं, म्हणून ती अंगणातल्या दोरीवर चिमटे लावून सुटी सुटी वाळत घातली. शेवटी मेण, आणि जुन्या लोकरी शालीच्या तुकड्याने पॉलिश. कोपरे आधी, मग कडा, मग मध्य. कॉलर, बाह्या, पाठ, मी मनात म्हटलं.

फरशीवाला हत्यारांची पिशवी घेऊन आला. बाबा शब्दाचे पक्के, कपाटातून पांढरा शर्ट काढून आणला. आधी जमिनीवर कपभर चहा ओतला. चहा गोळा होऊन तसाच उभा राहिला. आत्याने तो फडक्याने टिपला, खाली काही नाही. मग बाबांनी शर्ट टाकला, पायाने रगडला, उचलला, उजेडात धरला, उलटा केला. शर्ट पांढराशुभ्र होता. मला ओरडावंसं वाटलं.

फरशीवाला उकिडवा बसून हात फिरवत होता. "कुणी केलं हे?"

"मी," आत्या म्हणाली.

"मी नाही बुवा ही उखडणार," तो म्हणाला आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेला.

आठ दिवसांत खोलीत टेबल लागलं, दारात पाटी लागली, आणि समोरच्या सगळ्या घरांचे कपडे यायला लागले. बाबा सकाळी तोच चुरगळलेला शर्ट घेऊन आले. चप्पल दारातच काढली आणि शर्ट टेबलावर ठेवला.

"लगेच दे, मला निघायचंय."

आत्याने मान वर केली नाही. ती कुणाच्या तरी कॉलरवर इस्त्री फिरवत होती.

"नंबर लाव, दादा," ती म्हणाली.

बाबांनी शर्ट टेबलावरून उचलला. मग भिंतीशी ठेवलेल्या बाकावर, दोन गिऱ्हाइकांच्या मागे, शर्ट मांडीवर घेऊन बसले.