धनजला हुंकारा द्यायला गेले, त्याची गोष्ट

माझी नात पल्लवी एका शेतकरी कंपनीत लागली आहे, पण अजून कच्ची, कायम झालेली नाही. गावोगावी जाऊन बायांना सांगायचं की घरचं सोयाबीन पेरायच्या आधी त्याची उगवण तपासा. काम एवढंच. दोन गावांत ती बोलली, बायांनी मान डोलावली, चहा घेतला आणि घरी गेल्या. बियाणं तपासायला घेऊन एकही आली नाही. तिसरं गाव धनज. तिथं तिच्या मॅडम स्वतः बघायला येणार होत्या. इथंही कोणी बियाणं आणलं नाही तर पुढच्या महिन्यापासून येऊ नको, असं त्यांनी तिला सांगून टाकलं होतं.

आदल्या संध्याकाळी पोरगी माझ्याजवळ येऊन बसली.

"आजी, तू गोष्ट सांगते तं कुत्रंबी हालत नाही जागचं. चाल ना माह्यासंग. मले शिकव."

मला काय, कोणी चल म्हणायचाच अवकाश! चौथी शिकलेली बाई मी, आणि कंपनीच्या कामाला निघाले. इरकली लुगडं काढलं. भाकरी, ठेचा, कांदा बांधून घेतला. (हे सगळं मी बोलते आणि पल्लवी टाईप करते. ती माझं बोलणं पुस्तकी करते, त्यावरून आमचं भांडण चालू आहे.)

अनसिंगहून सकाळच्या गाडीने वाशीम, तिथून मंगरूळपीरवरून कारंजा, आणि कारंज्याहून धनज. जाणाऱ्यांनी उन्हाळ्यात पहिलीच गाडी धरावी, दहानंतर खिडकीची सळई हाताला चटका देते. बायांना अर्धं तिकीट आहे, पण सुटे पैसे जवळ ठेवा, कंडक्टर सकाळी सकाळी कातावलेला असतो. मंगरूळपीरला गाडी थांबली तेव्हा आलुबोंडा खाल्ला, वरून तर्री. पल्लवी म्हणाली तेल जास्त आहे. मी तिचाही खाल्ला.

वैशाखातलं रान मला फार आवडतं, लोक त्याला उगाच भकास म्हणतात. नांगरून पडलेली काळी ढेकळं, मध्येच एखादा निंब पोपटी होऊन उभा, आणि लांब रस्त्यावर पाणी साचल्यासारखं चमकतं. गाडी जवळ गेली की ते पाणी पुढे सरकतं. लहानपणी बापाच्या बैलगाडीत मागे पाय सोडून बसायचे, तेव्हाही ते असंच पुढे पुढे पळायचं. मी बापाला विचारायचे, आपण तिथं कधी पोचू? तो म्हणायचा, झोप, पोचलो की उठवतो. त्या आठवणीत गाडीच्या हेलकाव्यांनी मला खरंच डुलकी लागली.

तिकडे पल्लवी वहीतून सराव करत होती. शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटात ओळीनं मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, पाचसहा दिवसांनी किती उगवले ते मोजा, सत्तरच्या वर असले तर पेरा.

"आजी! झोपली ना तू?"

"तू सांगून राह्यली होती का वाचून राह्यली होती?"

ती रुसली. मग तिला नीट सांगितलं. बाई, गोष्टीत पहिले माणूस पाहिजे. त्याचं घर दिसलं पाहिजे. त्याला काहीतरी हवं असलं पाहिजे आणि ते अडलं पाहिजे. दाणे-बिणे मागून येतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हुंकारा. ऐकणाऱ्यानं 'हं' म्हटल्याशिवाय सांगणाऱ्याला पुढे जाता येत नाही. आमच्या घरी हुंकारा द्यायला एक माणूस नेमलेलंच असायचं.

"मंग सांग एखादी, बियाण्याची," ती म्हणाली.

आणि काय झालं मला कोण जाणे, गाडीत वारा लागत होता, डोळे अर्धे मिटलेले होते, कधी कोणाला न सांगितलेली गोष्ट मी सांगून बसले. ती पुढे येईलच.

धनजला पल्लवीच्या ओळखीच्या वत्सलाबाईंच्या घरी उतरलो. सावळ्या, मोठ्या आवाजाच्या बाई. आल्या आल्या गुळाचं पन्हं दिलं. दुपारी चारला मंदिराच्या सभामंडपात बाया जमल्या, पण पोळपाट-लाटणं घेऊनच. पापडाचे दिवस, भिजवलेल्या पिठाचा उंडा थांबत नाही. मला एकीनं तेल लावलेल्या दोन लाट्या खायला दिल्या. उडदाची लाटी तोंडात विरघळते तेव्हा आणखी काय पाहिजे माणसाला! मॅडम खांबाजवळ खुर्चीवर, मी शेवटच्या ओळीत.

पल्लवीनं सुरुवात केली. वहीतलंच. लाटणी खटखट चालू. कोणी वर बघेना. मग पोरीनं वही मिटली आणि म्हणाली, "अनसिंगची एक बाई होती."

ती माझी गोष्ट होती, गाडीत सांगितलेली. विचारलंही नव्हतं मला!

"त्या बाईच्या माळ्यावर घरच्या सोयाबीनचं पोतं होतं." पल्लवी थांबली आणि थेट माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. आणि तिची नोकरीही.

"हं," मी म्हटलं.

"पोतं जड होतं. तिनं वरूनच सोडलं. धप्पकन पडलं."

"हं."

"सोयाबीनचं टरफल नाजूक. वरून दाणा चांगला दिसतो, आत फुटून जाते. तिले वाटलं, काय होते? तेच पेरलं. तिफणीच्या चाड्यावर, दाणे सोडाले, मूठ धरली तिच्या जावेनं."

एक लाटणं थांबलं. मग दुसरं.

"उगवलं एवढं विरळ, का तासाची ओळच दिसेना. समद्या गावानं म्हटलं, जावेची मूठच वाईट. पुढच्या साली तिले पेराले कोणी बलावलं नाही. त्याच्या पुढच्याबी नाही."

"अगं माय!" वत्सलाबाई म्हणाल्या. "मंग त्या बाईनं सांगतलं नाही का, का पोतं म्या आदळलं म्हणून?"

पल्लवी अडली. तिला पुढचं माहीत नव्हतं, कारण पुढचं नव्हतंच. ती माझ्याकडे बघत राहिली.

"नाही सांगतलं," मी म्हणाले. "अजूनबी नाही सांगतलं."

"तुमाले काय मालूम, आजी?"

"ते बाई मीच हाय."

मग एक तरणी बाई फिसकन हसली. "वा वं म्हातारे! इथं आमाले सांगून राह्यली, जाऊ तिथं घरी बसेल हाय!"

सगळ्या हसल्या, मीही हसले. मग जी ती आपलं पोतं कसं उतरवते ते सांगू लागली. कोणाचा नवरा टेम्पोतून फेकतो, कोणी थप्पीवर थप्पी लावते. मॅडम लिहून घेत होत्या. पल्लवीला काही बोलावंच लागलं नाही.

त्या रात्री मुक्काम वत्सलाबाईंकडे, वांग्याची भाजी, भाकरी आणि आमरस. धनजला जाल तर कोणाच्या तरी घरी जेवा. सकाळी मी तोंड धूत होते तोवर ओट्यावर पहिली बाई आली, डब्यात सोयाबीन घेऊन. मग एक फडक्यात बांधून, एक पदरात. नऊ वाजेपर्यंत ओट्यावर गोणपाटाच्या सतरा गुंडाळ्या झाल्या. मुक्कामाला राहिलेल्या मॅडम पल्लवीला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यातली गावं लावून घे." पोरीनं मला असं घट्ट धरलं की पन्ह्याचा पेला सांडला.

परतीच्या गाडीत तिला झोप लागली, मला नाही. रस्त्यावरचं ते पाणी पुन्हा पुढे पुढे पळत होतं. त्या पेरणीला बावीस वर्षं झाली. कमल, माझी धाकटी जाऊ, आमच्या भिंतीला भिंत लागून राहते. सणावाराला ताट देते, माझ्या दुखण्यात तिनं रात्री जागवल्या. आणि पेरणीच्या दिवसांत दार लावून घरात बसते.

घरी आले, पिशवी ठेवली आणि तशीच तिच्याकडे गेले. ती तुरीची डाळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "कमल, त्या साली पोतं म्या आदळलं होतं."

तिचा हात थांबला नाही. "मले मालूम हाय, बाई. भिंतीच्या इकडं मीच तं बसेल होती. आवाज आयकला म्या."

"मंग इतके वर्ष बोलली काहून नाही?"

"म्या काहून बोलू? तुमची गोष्ट, तुमी सांगाची." तिनं सूप बाजूला सारून मला जागा केली. "बसा. आता चौकात चालून सांगाची, का पयले चहा घेता?"

चहा घेतला. मग चप्पल घातली.