साळवींनी मारलेला गोल

साळवी गेल्याची बातमी मला अमेरिकेतून कळली. ते राहायचे नेरूळला, मी बेलापूरला, रिक्षात बसून दोन गोष्टी बोलेपर्यंत घर येतं एवढंच अंतर. पण त्या रविवारी सकाळी फोन वाजला तो त्यांच्या धाकट्या भावाचा, विश्वासचा, तिकडच्या कुठल्याशा लहान गावातून. "शिंदेबाई, तुम्ही पोचलात का? घरी कोणी फोन उचलत नाहीये," असं तो विचारत होता आणि मी हातात पोह्यांची चाळणी धरून त्यालाच विचारत होते, "कुठे पोचायचं?" त्याला वाटत होतं मला सगळं ठाऊक आहे. मला वाटत होतं पूर्वीसारखी आज कसलीतरी मॅच आहे आणि मी विसरले. बराच वेळ आम्ही एकमेकांना समजावत राहिलो... मग तो म्हणाला, "अहो, दादा गेला." मी फोन ठेवला आणि भिजवलेले पोहे पुन्हा नळाखाली धरले. त्याने लगदा होतो हे मला चांगलं माहीत आहे, तरी धरले.

आता महिना होत आला. ऑफिसातली मंडळी म्हणाली, त्यांच्यावर चार ओळी लिहा, तुम्ही शेजारच्या टेबलावर होतात. होते खरी. पण लिहायला बसले की एकाच ठिकाणी गाडी अडते. साळवी नियम पाळणारे होते की मोडणारे, हे मला इतकी वर्षं शेजारी बसून सांगता येत नाही. पाळणारे म्हणावं तर तो गोल आडवा येतो. मोडणारे म्हणावं तर तो गोल ज्याच्यामुळे मारावा लागला, तो नियमही त्यांनीच केलेला होता.

दत्ताराम साळवी आमच्या सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन होते आणि मी टायपिस्ट. नव्या शहराचे नकाशे काढायचं त्यांचं काम. बाहेर मुरमाचे ढीग आणि मोकाट म्हशी, आत त्यांच्या टेबलावर मात्र रस्ते, शाळा, बागा, मैदानं सगळं जागच्या जागी. आमच्याकडे तेव्हा बसस्टॉप आधी यायचा आणि रस्ता मागाहून. द्रोणागिरी नावाची वसाहत तर निम्मी कागदावरच होती. अशा गावात राहिलं की माणसाला कशाचंच नवल वाटेनासं होतं. त्यामुळे साळवींनी फुटबॉलची लीग काढायची ठरवली आणि तीही सेकंड डिव्हिजन, तेव्हा फर्स्ट डिव्हिजन कुठे आहे असं आम्ही कोणी विचारलंसुद्धा नाही. त्यांनी आपणहूनच सांगितलं होतं, "शिंदेबाई, इमारत वरून बांधतात का? आधी खालचा मजला. वरचा होईल सवडीने."

ही कल्पना त्यांच्या डोक्यात घातली विश्वासनेच. अमेरिकेत वर्ल्ड कप झाला त्याच्या पुढच्या वर्षी तो सुट्टीवर आला होता. तिकडे तेव्हा फुटबॉलचं वारं होतं आणि खालच्या दर्जाची एक नवी व्यावसायिक लीग निघत होती. विश्वास त्यातल्या एका टीमच्या ऑफिसात हिशेब बघायचा. त्याने व्हिडिओ कॅसेट आणली होती, म्हणून साळवींनी आम्हा नवराबायकोला जेवायला बोलावलं. मंगलवहिनींनी, म्हणजे साळवींच्या पत्नीने, कोलंबीची खिचडी केली होती. कॅसेटमध्ये मका विकणारे, बँडवाले आणि पोपटाचा पोशाख घातलेला एक माणूस दिसत होता, खेळ अधूनमधून. साळवींनी विचारलं, "यातला जो जिंकेल तो वरच्या लीगमध्ये जाणार ना?" विश्वास म्हणाला, "नाही. वरची लीग वेगळी, खालची वेगळी. जिंकलं तरी वर जात नाहीत, हरलं तरी खाली येत नाहीत. अरे दादा, लोक टीम विकत घेतात. विकत घेतलेली वस्तू खाली कशी येईल?" साळवींचा घास हातातच राहिला. "मग जिंकायचं कशाला?" एवढंच ते म्हणाले आणि नंतर रात्रभर गप्प होते. वहिनींना वाटलं खिचडी खारट झाली.

पुढच्या काही महिन्यांत साळवींनी पाच टीम उभ्या केल्या आणि पहिलाच नियम केला, जिंकेल तो वर जाणार, हरेल तो खाली येणार. वाशी, नेरूळ, बेलापूर, घणसोली गाव आणि उरणच्या बाजूने टेम्पोत बसून येणारी द्रोणागिरी. मी सेक्रेटरी, कारण मला टायपिंग येत होतं. फुटबॉल येत नव्हता, पण ते कोणाला आड आलं नाही. साळवींचा एक हट्ट होता की लीग प्रोफेशनल पाहिजे. "फुकट खेळतो तो हौशी. प्रोफेशनल माणूस घरी काहीतरी घेऊन जातो." आता द्यायचं काय? नेरूळच्या एका मटणवाल्याला त्यांनी कसं पटवलं देव जाणे, पण ठरलं असं की रविवारी जो मैदानात उतरेल त्याला अर्धा किलो मटण, हरो वा जिंको. वाशीचा गोलकीपर माळकरी होता, त्याला पनीर. झालं, त्यानंतर खेळाडू गोळा करायची आम्हाला गरजच पडली नाही. घरोघरच्या बायकाच सकाळी नवऱ्यांना हलवून उठवायला लागल्या. नवरा खेळतो कसा याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, बेंचवर बसून आला मात्र चालत नसे.

पहिल्याच वर्षी घणसोली जिंकली. बाळाराम त्यांचा कॅप्टन. मिठागरावर राबलेला, काळाभोर, बोलायला लाजरा आणि खेळायला लागला की समोरच्याला मैदान अपुरं पडावं असा. त्याचे वडील बांधावर छत्री घेऊन बसायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. कप घेतल्यावर बाळारामने विचारलं, "मंग साहेब, आमी आता वर कवा जानार?" साळवी म्हणाले, "शब्द दिलाय. या वर्षीच." मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, अहो वर काही नाहीच आहे. मुंबईच्या जुन्या फुटबॉल संघटनेला त्यांनी विचारून पाहिलं होतं, तिथे कोणी दारात उभं केलं नव्हतं. पण दिलेला शब्द फिरवायचा म्हणजे विश्वासचं म्हणणं खरं ठरणार होतं आणि ते साळवींना सोसणारं नव्हतं. त्यांनी घणसोलीला रीतसर फर्स्ट डिव्हिजनमध्ये घातलं. त्या डिव्हिजनमध्ये घणसोली ही एकच टीम.

आता हसू येतं. तेव्हा मात्र गावात मिरवणूक निघाली होती. ताशा वाजला, बाळारामच्या आईने सगळ्यांना ओवाळलं. पुढच्या रविवारी घणसोलीची पोरं धुतलेल्या जर्सी घालून मैदानावर आली आणि बांधावर बसली. त्यांना खेळायला कोणी नव्हतं. खाली बाकीच्या चार टीम खेळत होत्या आणि हे वरच्या डिव्हिजनवाले बघत होते. मॅच नाही म्हणून मटणही नाही. काही आठवडे ऐटीत गेले. मग घरच्या बायका बोलायला लागल्या, दोन चांगले खेळाडू गुपचूप वाशीकडून खेळू लागले, एकजण रविवारी रिक्षा चालवायला लागला. टीम डोळ्यांदेखत मोडत चालली होती. शेवटी बाळाराम ऑफिसात आला. साळवींच्या टेबलासमोर उभा राहून बराच वेळ नकाशाच बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, आमाला खाली घ्या. वर कोनीच नाय."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, ये बाबा, रविवारपासून ये. साळवी म्हणाले, "खाली यायला हरावं लागतं." मी म्हटलं, कोणाशी हरणार, भुताशी? तर म्हणाले, "त्याची सोय करू." इतका राग आला मला त्यांचा. माणसं एवढी काकुळतीला आलीत आणि यांचं आपलं नियमाचं घोडं. तरी सेक्रेटरी मीच असल्यामुळे नोटीस टाइपही मीच केली. आमच्या ऑफिसची टीम विरुद्ध घणसोली, हरेल तो खाली. ऑफिसच्या टीममध्ये दोन हेडक्लार्क, एक शिपाई, नकाशे विभागातली सगळी चष्मेवाली मंडळी आणि अकाउंट्समधले आमचे हे. पंच स्वतः साळवी. ते पंच म्हणून नेहमी ऑफिसचे काळे बूट पॉलिश करून यायचे. म्हणायचे, ड्युटी ती ड्युटी.

ती मॅच पाहायला अख्खं घणसोली आलं होतं. टीमला जगायचं असेल तर हरायचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी तसं बोलत नव्हतं. पण आमची माणसं हरायला आलेल्यांना हरवण्याच्याही लायकीची नव्हती! घणसोलीची पोरं बॉल सोडून देत होती, वाटेतून बाजूला होत होती, त्यांचा गोलकीपर तर पाणी प्यायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. एवढं करून गोल होईना. आमच्या ह्यांच्या पायात बॉल, समोर रिकामे दोन बांबू, आणि यांनी तो मारला थेट म्हशींच्या डबक्यात. आजही विचारा, वारा होता म्हणतात. वेळ संपत आली. आणि मग बाळारामने बॉल घेतला आणि तो स्वतःच्याच गोलकडे चालत निघाला.

गोलच्या अगदी तोंडाशी जाऊन तो थांबला. बॉलवर पाय ठेवून उभा. बांधावर बसलेल्या वडिलांनी छत्री मिटली. कोणी ओरडलं नाही, कोणी हसलं नाही. मी आयुष्यात फुटबॉलच्या मैदानावर एवढी शांतता ऐकलेली नाही. तो मारणार की नाही, मला कळेना, आणि त्याने मारावा असं वाटतंय की मारू नये असं वाटतंय, तेही कळेना... साळवी शिट्टी तोंडात धरून त्याच्याकडे बघत होते. घड्याळाकडे त्यांनी पाहिलंच नाही. मग ते पळत गेले. काळे बूट, खोचलेला पांढरा शर्ट, पळताना पोट हलत होतं. बाळारामच्या पायापुढचा बॉल त्यांनी स्वतः मारला, दोन बांबूंच्या मधून पार केला आणि त्याच दमात शिट्टी वाजवली. गोल. घणसोली हरली.

कुठल्या नियमाने, हे कोणी विचारलं नाही. पुढच्या रविवारी घणसोली खेळायला हजर होती, टीम शाबूत होती आणि घरी मटण गेलं. मी मात्र सोमवारी ऑफिसात साळवींना विचारलं, "गोल कोणाच्या नावावर लिहू?" ते पेन्सिलीला टोक काढत होते. म्हणाले, "राहू दे सध्या." त्यानंतर मी किती वेळा विचारलं असेल! चिडून विचारलं, चहा पिताना सहज विचारलं. दर वेळी तेच उत्तर, राहू दे सध्या. लीग तीन वर्षं चालली. मग मटणवाला गावी गेला, दोन मैदानांना कुंपणं पडली आणि साळवींनाही धाप लागायला लागली. अमेरिकेतली विश्वासची टीम तर त्याच्याही आधी कोणीतरी विकत घेऊन दुसऱ्या गावाला नेली म्हणे.

गेल्या रविवारी मंगलवहिनींना भेटायला गेले. घर तसंच, फक्त कोपऱ्यातल्या ड्रॉइंग बोर्डावर चादर टाकलेली. तेराव्याला छत्री, चपला, कपडे, सगळं रीतीप्रमाणे देऊन झालं होतं. दारातल्या स्टँडवर उजव्या पायाचा काळा बूट तेवढा राहिला होता, पुढून शिवण उसवलेला. वहिनी म्हणाल्या, "फाटकं दानात देत नाहीत. डाव्याचा कधीपासून पत्ता नाही. त्या मॅचपासून हा असाच आहे. शिवून आणत नव्हते, टाकूही देत नव्हते. मलाही आता टाकवत नाही." आम्ही दोघी रडलो. मी साळवींसाठी रडत होते की त्यांच्या त्या 'राहू दे'साठी, कोण जाणे.

तेवढ्यात बाळाराम आला. आता अंगाने भरलाय, गावठाणाशेजारी त्याने भाड्याच्या खोल्या बांधल्यात. वहिनींनी चहा टाकला. त्याचं लक्ष त्या बुटाकडे गेलं आणि तिथेच राहिलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाळाराम, साळवींनी त्या दिवशी तुझी लाज राखली रे." तो म्हणाला, "सगली तसाच बोलतान." मग म्हणाला, "बाई, मी पाय उचलेला व्हता. साहेबांनी जरा टाइम द्यायला पायजे व्हता."

"म्हणजे तू मारणार होतास?"

"त्येच तर." त्याने कप खाली ठेवला. "मारला असता का नाय, मना अजून समजला नाय. साहेबांना इचारीन इचारीन म्हनत ऱ्हायलो..."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. साळवींनी त्याला वाचवलं असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्यांनी त्याच्याकडून काही काढून घेतलं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्यांच्या आलं असेल. आलं नसेल. आता कोणाला विचारायचं?

थोड्या वेळाने बाळाराम निघाला. दारात चपला घालताना त्याचा धक्का स्टँडला लागला आणि तो बूट खाली पडून त्याच्या वाटेत आडवा झाला. त्याने तो बाजूला सारायला पाय उचलला. उचललेला पाय तसाच राहिला, मी बघत होते. मग त्याने पाय खाली ठेवला, वाकून बूट दोन्ही हातांनी उचलला आणि स्टँडवर होता तिथे ठेवला.