खुर्चीला बोंझूर

अमरावतीच्या भाजीबाजारात देवीदास माळ्याला सगळे ‘फ्रान्सवाला’ म्हणत. हे नाव कौतुकाने पडले असे कोणी समजू नये. जर्मनीशी लढाई चालली होती तेव्हा सरकारने मजूर पलटणी उभ्या केल्या, त्यात मोर्शीकडचा हा गडी भरती झाला आणि समुद्रापार जाऊन खड्डे खणून आला. परत येतो तो थोरल्या भावाने वडिलांची बाडी, म्हणजे भाजीचा मळा, गिळलेली, आणि बायको मनकर्णा अमरावतीत दुसऱ्याच्या मळ्यातली वांगी विकायला बसलेली. लढाईवरून परतलेल्या माणसाचे आमच्याकडे असे स्वागत होते.

तिकडून त्याने एकच गोष्ट आणली. छावणीजवळ कोबी-कांदे पिकवणारी एक म्हातारी राहत असे, म्हणजे तशी माळीणच. पलटणीच्या स्वयंपाकासाठी भाजी आणायला देवीदास तिच्याकडे जाई. पहिल्या दिवशी त्याने आपल्या सवयीने मान खाली घालून नुसती टोपली पुढे केली. म्हातारीने टोपली परत ढकलली आणि त्याला फाटकाबाहेर उभे केले. टोपी काढायची, डोळ्यांत बघायचे, ‘बोंझूर, मादाम’, म्हणजे ‘नमस्कार, बाईसाहेब’, म्हणायचे, मगच भाजीचे नाव काढायचे. नुसते बोंझूर म्हणाल तर तेही चालायचे नाही, पुढे मादाम हवेच. तो तसे म्हणाला की ती मान लववून म्हणे, “बोंझूर, मस्यो.”

मस्यो म्हणजे आपले राव किंवा साहेब. गावच्या डॉक्टरालाही ती मस्योच म्हणे, हे देवीदासने स्वतःच्या कानांनी ऐकले होते. कोणी नमस्कार केला आणि समोरच्याने उत्तर दिले नाही, तर तिच्या लेखी याहून मोठा उद्धटपणा जगात नव्हता. असा एक सोजीर मुकाट्याने निघून गेला, तेव्हा तिने रस्त्याच्या वळणापर्यंत त्याचा उद्धार केला. देवीदासला जन्मात कोणी देवीदासराव म्हटले नव्हते, त्यामुळे भाजी नको असली तरी तो तिच्या फाटकावरून चक्कर मारून येई.

अमरावतीत आल्यावर त्याने हा नमस्कार घरात चालू केला. संध्याकाळी दारात आला की पागोटे काढून म्हणायचा, “बोंझूर, मादाम.” मनकर्णा पहिल्यांदा घाबरलीच. आमच्याकडे माणूस डोके उघडे करतो ते सुतकात, नाहीतर कोणाचे पाय धरताना.

“अजी, काहून डोकं उघडं करता? लोकं काय म्हनतीन?”

“तिकडं बाईमानसापुढं असंच करतात वं.”

दिवसभर ‘ए भाजीवाली’ ऐकून तिचे कान किटलेले. हळूहळू तिला गोडी लागली. नवरा यायच्या वेळी ती केसांवर पाण्याचा हात फिरवून उंबऱ्याशी उभी राहू लागली, आणि “बोंझूर, मस्यो” म्हणताना लाजून लाल व्हायची. शेजारणी पोट धरून हसत. हसेनात का.

आता मोरोपंत वकील. अमरावतीत वकिली, अकोल्यात जिनिंगच्या कारखान्यात भागीदारी, आणि ज्या कमिटीत खुर्ची असेल तिथे हे बसलेले. एक फ्रेंच व्यापारी कापूस बघायला अकोल्याला येणार असे कळले. त्याची एजन्सी मिळाली तर पंतांचे नशीब उघडणार होते. इंग्रजी सगळेच बोलतील, आपण त्याच्याच भाषेत स्वागत करावे, असे त्यांच्या मनाने घेतले. कोणीतरी फ्रान्सवाल्याचे नाव सांगितले.

“शिकव मला,” पंत म्हणाले. “सार्वजनिक बागेत माळ्याची जागा रिकामी आहे. कमिटीवर मीच आहे.”

त्या जागेबरोबर विहिरीजवळच्या दोन खोल्या मिळत होत्या. मनकर्णाला दुसऱ्याची वांगी विकावी लागणार नव्हती. देवीदासला आणखी काय हवे होते?

शिकवणी सुरू झाली ती पंतांच्या ओसरीवर. देवीदास खाली पायरीशी उभा, पंत वर. त्याने पागोटे काढले, डोळ्यांत पाहिले आणि म्हणाला, “बोंझूर, मस्यो.”

“हं. पुढे?”

“आता तुमी मले म्हना जी. बोंझूर, मस्यो.”

पंतांनी इकडेतिकडे पाहिले. माळ्याला राव म्हणायचे, तेही आपल्याच ओसरीवर! शेवटी त्यांनी वेताची रिकामी खुर्ची पुढे ओढली, तिच्यापुढे वाकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “बोंझूर, मस्यो.” पुढचे सगळे दिवस हाच पाठ चालला. खुर्चीला मस्यो, आणि शिकवणाऱ्याला “ए देवीदास, पाणी आण.” मला तर त्या खुर्चीचा हेवा वाटतो.

देवीदासने राग गिळला. दोन खोल्या डोळ्यांपुढे ठेवल्या की बरेच काही गिळता येते.

स्वागताच्या दिवशी पंतांनी त्याला अकोल्याला नेले, हार करायला आणि मागे उभा राहून अडले तर पुटपुटायला. कारखान्याच्या आवारात मांडव घातला होता. पंतांनी त्याला बाजूला घेतले.

“माझ्या कानाशी काय ते बोल. बाकी कोणापुढे तोंड उघडलेस, तर बागेचे नाव काढू नकोस. वकिलाने माळ्याकडून धडे घेतले, असे गावभर व्हायला नको.”

“नाई उघडत जी.”

फ्रेंच साहेब आला. पांढऱ्या मिशांचा, थकलेला, घामाने निथळलेला. पंतांनी पगडी काढली, वाकले आणि न अडखळता खुर्चीचा नमस्कार त्याला घातला. साहेबाचा चेहरा फुलला. त्याने बोंझूर केले, हात हातात घेतला, आणि त्याच्या देशाच्या रीतीप्रमाणे एकेकाला नमस्कार करत निघाला. भागीदार झाले, कारकून झाले. शेवटी तो हारांची टोपली धरून उभ्या असलेल्या देवीदाससमोर थांबला. त्याने टोपी काढली.

“बोंझूर, मस्यो.”

एवढ्या वर्षांनी कोणीतरी ते म्हटले. देवीदासच्या जिभेवर उत्तर आलेच होते. त्याने पंतांकडे पाहिले. पंत त्याच्याकडेच बघत होते. त्याने ओठ मिटले, मान खाली घातली, आणि फाटकापाशी पहिल्या दिवशी केली होती तशी नुसती टोपली पुढे केली.

साहेब थांबून राहिला. त्याने पुन्हा एकदा, जरा हळू, तेच शब्द म्हटले. देवीदासने डोळे वर केले नाहीत. साहेबाने वळून पंतांना इंग्रजीत काही विचारले, आणि पंतांनी हसून इंग्रजीतच सांगितले की हा बिचारा जन्माचा मुका आहे. गोऱ्या सार्जंटांच्या हाताखाली दिवस काढलेल्या माणसाला तेवढे इंग्रजी समजत होते. साहेबाने देवीदासच्या खांद्यावर हात ठेवला आणि नकळत दुखावल्याची माफी मागितली. माफी मागतानाही तो मस्यो म्हणायला विसरला नाही.

एजन्सी पंतांना मिळाली. दिल्या शब्दाला ते जागले हेही सांगायला हवे. बागेची जागा देवीदासला मिळाली, खोल्याही मिळाल्या. पंत रोज सकाळी त्या बागेत फिरायला येत. देवीदास वाफ्यातून उठून “राम राम जी” करी, आणि पंत गुलाबांकडे बघत पुढे जात.

पण हे पुढचे. अकोल्याहून तो परतला त्या संध्याकाळी मनकर्णा केस नीट करून उंबऱ्याशी उभी होती. हातात गुळाचा खडा होता. जागा आता मिळणारच, असे तिने धरले होते. देवीदास अंगणात आला, पागोट्याला हातसुद्धा न लावता त्याने पाय धुतले आणि तिच्या बाजूने आत शिरला.

“अजी,” ती वळून म्हणाली, “आज मादाम नाई काय?”

“नाई.”

“काहून?”

“इकलं.”

तिला काय समजले कोण जाणे. मग भिंतीकडे तोंड करून बसलेल्या नवऱ्यापुढे तिने गुळाचा खडा ठेवला.

“मंग मले इचारून तरी इकाचं होतं,” ती म्हणाली. “माहंबी होतं ते.”