शेंदूर लावलेले प्लग

चहा निवतो आहे तोवर माझी फजिती ऐकून घ्या. हसायला माझी काही हरकत नाही. पण हसता हसता कुणाला ठसका लागला, तर मला बोल लावू नका!

तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला. जळगाव जामोदात मोटर चालवणारी माणसं मोजकीच, आणि त्यातला एक मी. काय तो माज! मोटर जुनाट, वर छप्पर ताडपत्रीचं, पण मी बैलगाडीत पाय ठेवणं सोडून दिलं होतं. सासुरवाडी वरवट बकालची. तिथे मोटरीतून उतरणारा जावई म्हणजे एकटा मीच, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी वरवटहून माणूस धापा टाकत आला. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, अगदी शेवटच्या घटका मोजत होते.

"बाबा कोनाच्याच हातचं पानी घेऊन नाही राह्यले," तो म्हणाला. "म्हन्तात, सुभद्रीच्या हातचं पेईन अन् मंगच जाईन. जावायाले बी एकडाव पाह्याचं हाये त्याइले."

सुभद्रा म्हणजे माझी बायको, मामाजींची एकुलती एक लेक. ती पिठाच्या हातांनी तशीच मोटरीत येऊन बसली.

"रडू नको," मी म्हणालो. "आपली मोटर हाये ना!"

हे वाक्य आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

गाव सुटतं न सुटतं तोच इंजिन गचके द्यायला लागलं. चारांपैकी एका सिलिंडरात ठिणगी पडत नव्हती. प्लग गेला, हे मला लगेच कळलं. इतका काही मी अडाणी नव्हतो! डब्यात चार कोरे प्लग होते. दसऱ्याला पाने-हातोड्यांबरोबर मी ते मारुतीपुढे मांडले होते आणि तेलात कालवलेला शेंदूर त्यांना चोपडला होता. नुसता वरून लावला असता तर एक वेळ चाललं असतं. मी भक्तीच्या भरात, जिथे ठिणगी पडते त्या फटीतसुद्धा बोटानं भरला होता!

जुना प्लग काढला, रागानं कपाशीच्या वावरात भिरकावला आणि शेंदरी प्लग हातात घेतला.

"आवो, पुसून तं घ्या," सुभद्रा म्हणाली.

"देवाचा शेंदूर पुसू? तुह्या बापाच्या जिवाची गोष्ट हाये!"

तेवढ्यात मागून वरवटचे किसनकाका आले. जळगावच्या जिनात कापूस घालून रिकामी बैलगाडी घरी नेत होते.

"बसा जावाईबुवा. बैल घराकडं निंगाले की पाय उचलतात."

मी हसलो हो! "काका, तुम्ही व्हा पुढं. तुम्ही पोचाच्या आंधी मी वापस येऊन जाईन!"

हॉर्न वाजवत मी त्यांच्या पुढे निघालो. पण गचके तसेच. मग मी ठरवलं, दुसराही प्लग गेलेला असणार. तो काढून फेकला, तिथे शेंदरी बसवला. आता गचक्यांच्या जोडीला धूर आणि धडाड धडाड बार! वावरात कापूस वेचणाऱ्या बाया ओटीतला कापूस तिथेच टाकून पळाल्या.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला नको? अहो, देवापुढे ठेवलेला प्लग वाईट कसा असेल? दोष उरलेल्या जुन्यांचाच! मी तिसरा बदलायला घेतला.

किसनकाकांनी पुन्हा गाठलं. या वेळी ते माझ्याकडे बघतही नव्हते. "पोरीले तं द्या माह्यासंगं. म्हातारा वाट पाहून राह्यला."

"मोटरवाल्याची बायको बैलगाडीत बसून माहेरी जाईन? लोक काय म्हन्तीन?"

पदर तोंडाशी धरून सुभद्रेनं रस्त्याकडे नजर लावली. मी तिसरा बसवला, मोटर जेमतेम हलली आणि बंद पडली. मग चौथा. आता चारही शेंदरी. हँडल मारून मारून माझे खांदे निखळायची वेळ आली, पण इंजिन थंड.

पुढे गेलेले किसनकाका गाडी थांबवून उभे होते. सुभद्रा खाली उतरली.

"काऊन उतरली वं?" मी ओरडलो.

"लोक काय म्हन्तीन ते तुम्ही ऐकत बसा. मले बाबाचं ऐकाचं हाये."

ती गाडीत चढली. काका म्हणाले, "तुम्ही बी चला." आणि मी काय म्हणालो असेन? "मोटर टाकून? तुम्ही व्हा पुढं, आत्ता गाठतो!"

गाडी दिसेनाशी झाली. एकटा उरलो, पाहायला कुणी नव्हतं, तेव्हा देवाची भीतीही जरा कमी झाली. मारुतीला हात जोडले, चारही प्लग काढले, धोतराच्या सोग्यानं पुसले, पेट्रोलनं धुतले. पहिल्याच हँडलला इंजिन सुरू! ना गचका, ना बार. इतकी सुरेख मोटर मी आयुष्यात कधी चालवली नव्हती.

वरवटच्या वेशीत शिरताना सवयीनं हॉर्नसुद्धा दाबला. कुणी वळून पाहिलं नाही. मामाजींना अंगणात ठेवलं होतं. सुभद्रा ओसरीच्या पायरीवर बसली होती, शेजारी तांब्या होता. मला रडू आवरेना.

"पानी घेतलं त्याइनं?"

"घेतलं. माह्याच हातचं."

"माहं नाव काहाडलं?"

"इचारलं, जावाई कुठी हाये? मी म्हटलं, मोटरीनं येऊन राह्यले."

"मंग?"

"हासले. म्हने, 'मोटरीनं? मंग कायची होते आमची भेट! दे पोरी, पानी दे.'"