हाक नेमकी कुणाला होती

चष्म्याच्या दुकानात त्याला सगळे ‘वावा’ म्हणत. गिऱ्हाइकाने फ्रेम नाकावर चढवली रे चढवली, की हा आरसा पुढे धरून म्हणायचा, “वा! वा! तुमच्यासाठीच घडवलीय.” चेहरा भोपळ्यासारखा असो की फूटपट्टीसारखा, दुसरा शब्द नाही. यात काही गैर आहे असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

काळजी होती ती त्याच्या ताईला. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. रविवारी तो तिच्याबरोबर चर्चला यायचा, गाणी मनापासून म्हणायचा आणि प्रवचनात तितक्याच मनापासून झोपायचा. त्यामुळे तरुण मंडळींचं डोंगरावर शिबिर ठरलं, तेव्हा ताईने त्याला न विचारताच त्याचं नाव देऊन टाकलं.

“चार दिवस जरा आत्म्याकडे बघ,” ती म्हणाली.

“का, त्याला चष्मा लागलाय?”

“तोंड आवर आणि स्वेटर घे.”

डोंगरावरची इमारत म्हणजे पत्र्याचं छप्पर, ओल आलेल्या भिंती आणि कुरकुरणाऱ्या खाटा. पण तिथे पोरांना खरंच काहीतरी होऊ लागलं. बापाशी अबोला धरलेला एक प्लंबर हुंदके देऊन रडला. एका नर्सने वर्षानुवर्षांचा राग सोडून दिला. वावा मात्र चाचपडत राहिला. खिशात किल्ली शोधावी तसा आत शोधायचा, आणि हाताला काहीच लागायचं नाही. गुडघे टेकून बसला, तर नुसत्या मुंग्या आल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या पाळकसाहेबांनी सगळ्यांना एकेकटं, मौन धरून डोंगरात पाठवलं. वावा मोबाइलला रेंज शोधत उताराला लागला आणि तेवढ्यात धुकं उतरलं. हातभर अंतरावरचं दिसेना. एक दगड पायाखालून निसटला, तो खाली पडल्याचा आवाज काही आला नाही. वावा मटकन खाली बसला. तोच वरून आवाज आला, “अरे, ये ना! किती वाट बघायची तुझी?”

वावा हातापायांवर रांगत त्या आवाजाच्या रोखाने चढला आणि थेट स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी पोहोचला. दारात शिबिराचा स्वयंपाकी पातेलं घेऊन उभा होता.

“अरे बापरे, तू कुठून उगवलास?” तो दचकून म्हणाला.

दुपारी हॉलमध्ये साक्षी सुरू झाल्या. ज्याच्या त्याच्या आयुष्यात देवाने काय केलं, ते उभं राहून सांगायचं. वावाची पाळी आली. सांगण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून त्याने सकाळची फजिती काढली. “मी धुक्यात वाट चुकलो. पुढे दरी, पाय कापताहेत. तेवढ्यात हाक आली, ‘ये ना, किती वाट बघायची तुझी?’”

इथे स्वयंपाक्याला आणून सगळ्यांना हसवायचा त्याचा बेत होता. पण त्याने मध्ये श्वास घेतला, आणि तेवढ्यात अख्ख्या हॉलला हुंदका फुटला. पाळकसाहेबांनी “हालेलुया!” म्हणत त्याला मिठीच मारली. स्वयंपाकी राहूनच गेला.

खाली आल्यावर ती साक्ष वावाच्याही पुढे धावली. त्याला तरुण संघाचं पुढारीपण मिळालं, दुसऱ्या चर्चांतून बोलावणी आली. ताई पहिल्या बाकावर बसून डोळे पुसायची, आणि त्याच्याबरोबर तिचेही ओठ हलायचे. दुकानात लोक म्हणू लागले, “तू सांग बाबा, तू काही खोटं बोलणार नाहीस.” झाली का पंचाईत! वावाला “वा” म्हणता येईना. “ही नको, यात तुम्ही घुबड दिसता,” असं तो म्हणायचा, आणि गिऱ्हाईक हात जोडून दुसरी फ्रेम घ्यायचं. मालक चाट पडला.

मग एक दिवस तो प्लंबर दुकानात आला. चेहरा उतरलेला.

“मी कितीदा त्या दरीकाठी जाऊन बसलो रे. मला का नाही येत हाक? माझ्यातच काही खोट आहे का?”

वावा संध्याकाळी तडक घरी आला. त्याने आधी ताईला गाठलं. ती इस्त्री करत होती.

“ताई, ती हाक स्वयंपाक्याची होती.”

ताईने इस्त्री उभी केली. “हे कुणाला बोललास?”

“अजून नाही.”

“मग बोलूही नकोस.”

“खोटं बोलू नये हे तूच शिकवलंस ना?”

“खोटं कुठंय त्यात? हाक आलीच होती. कुणाची, ते कुणी विचारलंय का तुला?”

रविवारी वावाने चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर सगळं ओकून टाकलं. आता जोडे पडणार, या तयारीने तो मान खाली घालून उभा राहिला. पाळकसाहेब उठले, डोळे भरलेले. “बघा, केवढी ही नम्रता! आणि देव कुणाच्या तोंडून बोलला? एका गरीब स्वयंपाक्याच्या!” वावाचा भाव दुपटीने वधारला.

पुढच्या शिबिरात स्वयंपाक्यालाच धुतलेला एप्रन घालून मंचावर बसवलं. माइक हातात आल्यावर तो बिचारा घामाघूम झाला.

“मी हाक मारली हे खरंय,” तो म्हणाला. “पण ती कुत्र्याला. रोज उष्टं खायला यायचा, त्या दिवशी उशीर केला मेल्याने. हा पोरगा वर आला तेव्हा मीच घाबरलो.”

पाळकसाहेब माइकची वायर तपासू लागले. पहिला फुटला तो प्लंबर. पोट धरून हसला. मग नर्स, मग अख्खा हॉल. वावा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं, की आज आत काही शोधायची गरजच पडत नाहीये. दुसऱ्याच्या हाकेला ओ देऊन का होईना, तो दरीकाठून वर आला होता. कुणाचे तरी आभार मानावेत असं त्याला फार वाटलं. ते त्याने तिथेच, पुटपुटत मानले, आणि साक्ष म्हणून कधी कुणाला सांगितले नाहीत.

पुढारीपण प्लंबरकडे गेलं. तो ते वावापेक्षा चांगलं करतो. ताई बरेच दिवस भावाला ताट वाढायची, पण शब्द वाढायची नाही. वावा अजून दर शिबिराला वर जातो आणि साक्षींच्या वेळी स्वयंपाक्यासोबत बटाटे सोलत बसतो. शेजारीण विचारते, “तुमच्या भावाचं पुढे काय झालं हो?”

“देवाच्या सेवेत आहे,” ताई ठसक्यात सांगते, आणि विषय बदलते.