कोणती पूर्णा?

आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, जगात एकाच नदीचा अभिमान होता आणि ती त्यांनी जन्मात पाहिलेली नव्हती. पूर्णा. आमचं घराणं कधीकाळी मराठ्यांच्या फौजेबरोबर बेंगळूरला आलं ते इथलंच झालं. चामराजपेठेत जन्मलो, कन्नड शाळेत शिकलो, घरात बोलायचो ते मराठीसुद्धा असं, की पुण्याकडचा पाहुणा तोंडावर रुमाल धरायचा. पण अण्णांना कुणी "मूळचे कुठले?" विचारायचा अवकाश, छाती पुढे यायची. "पूर्णेकाठचे!" गाव कुठलं? ठाऊक नाही. देवी कुठली? पूर्णेकाठची. झालं, संपलं! मारतहळ्ळी तेव्हा चार घरांचं खेडं होतं, तर नावावरून तेही मराठ्यांनीच वसवलं असं ते छातीठोक सांगायचे. तिथला आमचा दूधवाला हे ऐकून नुसतं "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणायचा आणि दूध मापायला लागायचा.

या नदीच्या नावानं घरात दोन रिवाज होते. लग्नात देवक बसवताना कलशात पूर्णेचं पाणी घालायचं. प्रत्यक्षात ते मागल्या विहिरीचंच असायचं, फक्त ओतताना "पूर्णा" म्हणायचं. आणि नवरात्रात देवीचा नैवेद्य अळणी करायचा. आम्ही लहानपणी कुरकुर केली की आई म्हणायची, "मीठ पूर्णा घालते." तिला तिच्या सासूनं तसं सांगितलं होतं. म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही. आम्ही मुकाट्यानं अळणी भात गिळायचो.

पन्नासच्या दशकाच्या शेवटाला माझ्या अक्काला, थोरल्या बहिणीला, एक स्थळ आलं. मुलगा विमानांच्या कारखान्यात इंजिनियर, माणसं अकोल्याकडची, नवीनच बदलून आलेली. मुलाच्या आईनं रीतीप्रमाणे मूळ गाव विचारलं. अण्णा म्हणाले, पूर्णेकाठ. ती बाई आनंदानं उठूनच उभी राहिली. "अगंबाई! म्हणजे आमच्याकडचेच की तुम्ही!" त्यांचं गावही पूर्णेच्या काठी होतं. परक्या मुलखात आपलं माणूस भेटल्यासारखं तिनं अक्काला जवळ घेतलं. अक्काला मुलगा आवडला होता. त्या आठवड्यात ती रोज न सांगता वेणी माळायला लागली होती, मला काय कळत नव्हतं?

देवकाची गोष्ट निघाली तेव्हा ती बाई म्हणाली, "विहिरीचं कशाला? या वेळी खरं पूर्णेचंच आणू या. माझा भाऊ पाठवील." झालं! अण्णांच्या अंगात आलं. आमच्या नदीचं पाणी दुसऱ्यानं आणायचं? त्यांनी रेल्वेचं टाइमटेबल काढलं, त्यात पूर्णा जंक्शन सापडलं आणि स्वारी गुंतकल, सिकंदराबाद करत निघाली सुद्धा. परत आले ते तांब्याचा तांब्या वरून कथलाचा डाग देऊन बंद करून घेऊन. नदीत उतरून स्नान केलं म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं होतं.

व्याही मंडळी फराळाला आली. अण्णांनी सगळ्यांच्या देखत तांब्याचा डाग फोडला आणि तीर्थासारखं पळी पळी पाणी हातावर घातलं. मुलाच्या आईनं घेतलं, जिभेवर घोळवलं आणि हसली. "हे तर गोड आहे हो! आमची पूर्णा कुठली गोड? तिच्या काठाला विहिरीसुद्धा खारट. तुम्ही उतरलात कुठे?"

"पूर्णा स्टेशनावर."

"अहो, ती परभणीकडची! ती वेगळी."

मग मुलानंच अण्णांना समजावून सांगितलं, अगदी आदरानं. एक पूर्णा आमच्या वऱ्हाडातून तापीला जाते. दुसरी मराठवाड्यातून गोदावरीला मिळते, वरच्या अंगाला तिला खडकपूर्णा म्हणतात, आणि तिच्याच काठी ते पूर्णा गाव आणि स्टेशन. तिसरी डांगातून निघून गुजरातेत समुद्राला मिळते. "त्यातली तुमची कोणती, अण्णा?" त्यानं साधं विचारलं होतं. टोमणा नव्हता त्यात.

अण्णा लाल झाले. उभ्या जन्मात त्यांना कुणी "कोणती?" विचारलंच नव्हतं. म्हणाले, "आमची हीच. गोड पाण्याची. खारं पाणी गुरं पितात."

अय्यो! फराळाच्या ताटल्या तशाच राहिल्या. बाईचं हसू मावळलं. "आम्ही तेच पीत आलो," एवढंच ती बोलली आणि पदर सावरून उठली.

रात्री भांडी आवरताना आईला एकदम सुचलं. हातातलं पातेलं तसंच ठेवून ती बाहेर आली. "अहो, नैवेद्य अळणी का करतो आपण? मीठ पूर्णा घालते म्हणून ना? त्या काठच्या पाण्यातच मीठ असणार. मग आपली त्यांचीच की! बाई म्हणते तीच!" केवढी खूश झाली होती ती. मी आणि अक्का दाराशी उभ्या होतो. अण्णांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी ते स्पष्ट पाहिलं. आणि ते म्हणाले, "सैपाकघरातली अक्कल मला शिकवू नकोस."

चार दिवसांनी मुलगा सायकल मारत आला, एवढ्या लांबून. आत आला नाही. फाटकापाशी अक्काला म्हणाला, "आईचा राग नदीवर नाही. अण्णांनी एकदा चुकलं म्हणावं. तीच आपली पूर्णा, एवढं म्हटलं तरी पुरे, मी बाकीचं बघतो." अक्का आत येऊन अण्णांच्या पायाशी बसली. कधी काही मागितलं नव्हतं पोरीनं. "अण्णा, एकदा म्हणा ना." अण्णांनी वर्तमानपत्र उलटलं. म्हणाले, नदी काय रोज बदलायची असते? मला तेव्हा ते वर्तमानपत्र हिसकून फाडावंसं वाटलं होतं. आजही वाटतं.

मुलाचं पुढच्या वर्षी अकोल्यातच लग्न झालं. अक्का कन्नड शाळेत शिकवायला लागली. नंतर दोन स्थळं आली, तिनं नाही म्हटलं. मग यायची थांबली. तो तांब्या अण्णांनी पुन्हा डाग देऊन देवघरात ठेवला आणि पाहुण्यांना दाखवत राहिले. "साक्षात पूर्णा!" अक्का रोज तिथला दिवा लावायची, तांब्याकडे बघायची सुद्धा नाही. आई गेली. माझं लग्न झालं, देवकाला मी विहिरीचंच पाणी घ्यायला लावलं आणि अण्णा त्यावरून महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

साठचं दशक संपत आलं तेव्हा अण्णांनी अंथरूण धरलं. सगळं करायची ती अक्काच. मी भेटायला गेले होते. दुपारी त्यांनी खुणेनं देवघर दाखवलं. "पूर्णा," म्हणाले. शेवटचं पाणी त्यांना तिचं हवं होतं.

अक्कानं तांब्या आणून डाग फोडला. आत थेंब नव्हता. तळाशी नुसता हिरवा थर. डागाला बारीक फट कधी पडली होती कोण जाणे. अक्का शांतपणे सैपाकघरात गेली. तिनं फुलपात्रात नळाचं पाणी घेतलं, मिठाचा डबा उघडला आणि चिमूटभर मीठ त्यात टाकून बोटानं ढवळलं.

तिनं चमच्यानं अण्णांच्या तोंडात पाणी घातलं. त्यांनी ते बराच वेळ तोंडातच धरलं. मग गिळलं.

"खारट आहे," ते म्हणाले. डोळे मिटलेले होते. "हीच आपली पूर्णा. त्या बाईंचं बरोबर होतं."

अक्कानं त्यांच्या हनुवटीवरचा ओघळ पदरानं टिपला.

"एवढंच म्हणायचं होतं, अण्णा," ती म्हणाली. "मी तुमच्या पायाशी बसले होते तेव्हा."